कपाखालचा लाल ठिपका

वसुधाकाकूंना मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच आशेवर राहायला नको. माझी मुलगी म्हणते, "आई, लेट इट गो ना आता, किती वर्षं झाली!" तिला म्हणायला काय जातंय? तिने त्या कपातून चहा प्यायलेला नाही. मी प्यायलेय, माझी आई प्यायलीय, आणि वर घरी येऊन "काय छान चहा करतात वसुधाताई" असं कौतुकही केलंय. ते कौतुक आठवलं की आजसुद्धा माझी कानशिलं तापतात. डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर आहे. असेल. पण त्याचं नाव मला माहीत आहे.

आमचं घर इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधलं, शहर अजून पुरतं उभं राहिलं नव्हतं तेव्हाचं. रस्त्याकडेची झाडं काठीएवढी होती, चौकाचौकातले गोल राउंडअबाउट सगळे एकसारखे, आणि बाबा ऑफिसातून येताना आठवड्यातून एकदा तरी भलत्याच इस्टेटमध्ये, म्हणजे दुसऱ्याच वसाहतीत, जाऊन पोचायचे. बाबा ड्राफ्ट्समन होते, आई एका फॅक्टरीत बिस्किटांच्या पॅकिंगला. आम्ही नागपूरचे, बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर आई रोज मेणबत्ती लावायची. हीटिंग मात्र लावायची नाही. घर गरम करायचं ते स्वयंपाकाने, असा तिचा कायदा. त्यामुळे थंडीत आम्ही सगळे किचनमध्येच. कुकरच्या शिट्ट्या, भाकरी थापल्याचा आवाज, बाबांचा खरखरणारा रेडिओ, आणि मिरचीची फोडणी पडली की भिंतीपलीकडच्या गोऱ्या शेजारणीची ठकठक. आई चुलीकडे तोंड करूनच म्हणायची, "ठोक बाप्पा, ठोक. भिंत तुही बी हाये." आणि अजून एक मिरची टाकायची.

डोरथीमावशी या घरात आली ती नाणी टाकून कपडे धुवायच्या लाँड्रेटमधून. ती अमेरिकेची, अलाबामाची, काळी. तिथून हवाईदलातल्या नवऱ्याबरोबर इथल्या अमेरिकन तळावर आली होती, मग नवऱ्याला सोडून आमच्या नव्या शहरात एका ऑफिसात टायपिस्ट झाली. तिला खोली मिळत नव्हती. फोनवर आवाज ऐकून घरमालकिणी खूष व्हायच्या, "ओह, अमेरिकन, हाउ लव्हली," आणि ही दारात उभी राहिली की खोली पाच मिनिटांपूर्वीच गेलेली असायची. लाँड्रेटमध्ये कपडे फिरत असताना तिने हे आईला सांगितलं. आईला इंग्रजी जेमतेम यायचं, पण हे समजायला इंग्रजी लागत नाही. आम्हीही त्याच दारांवरून आलो होतो. आई म्हणाली, "रूम? माय हाउस. कम." संध्याकाळी बाबा घरी आले तर बॉक्सरूममध्ये, सामानाच्या छोट्या खोलीत, एक उंच बाई आपले ड्रेस हँगरला लावत गुणगुणत होती. बाबा फक्त म्हणाले, "बरं झालं, माझ्या रेडिओला सोबत झाली."

आईने मला बजावलं, मावशी म्हणायचं. ती स्वतः मात्र "डोरथीबाई" म्हणायची. त्या दोघींची खरी दोस्ती झाली ती खाटकाच्या दुकानात. गोऱ्या बायका चॉप्स घेऊन जायच्या आणि या दोघी मागे थांबून जे कुणाला नको ते मागायच्या, वजडी, खूर, शेपटी. खाटीक हसून जवळजवळ फुकटच द्यायचा. आईची वजडी लाल, तिखट, खोबरं भाजून वाटलेली; मावशीचे खूर तासन्तास शिजून हाडापासून सुटलेले, व्हिनेगर घातलेले. मावशी मक्याचं पीठ आणून ओव्हनमध्ये पाव करायची आणि आईच्या झुणक्याबरोबर तो इतका छान लागायचा की बाबा दोघींनाही न दुखावता काय खाऊ याच्या विचारात दोन्ही खायचे. मावशी म्हणायची, मालकांनी टाकून दिलेल्यातून आमच्या आज्यांनी जेवण उभं केलं. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईचा हात भाकरीवर थांबला. "सांग तिले, आमच्याबी," ती म्हणाली.

आता वसुधाकाकू. आमच्या इस्टेटपासून दोन राउंडअबाउट पलीकडे त्यांचं मोठं घर. काकू पुण्याच्या, काका इंजिनियर, मुलगी रोहिणी इथेच जन्मलेली, माझ्याच वर्गात. गावात मराठी घरं मोजकी, ती सगळी काकूंच्या हॉलमध्ये जमायची. पहिल्या भेटीत त्यांनी आईला आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातला भाग, आणि मग हसून म्हणाल्या, "आम्ही तसलं काही मानत नाही हं, लीला." आईला या देशात दुसरी मैत्रीणच नव्हती. काकूंनी तिला जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडे, नेलं, फॅक्टरीचा फॉर्म भरून दिला, तिचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा आणला. हे सगळं खरं आहे आणि मी ते लपवत नाही. आईच्या बोलण्यावर मात्र त्या हसायच्या. "अगं, 'काहून' काय, 'का' म्हण ना!" आई बिचारी त्यांच्याकडे जाताना वाटेत शुद्ध मराठीची प्रॅक्टिस करायची.

त्यांच्याकडे चहाचा एक थाट होता. पांढरे कप, निळी किनार, मोठ्या सेलमध्ये घेतलेला भलामोठा सेट, सगळे कप एकसारखे. इतरांना चहा ट्रेमधून यायचा, ज्याने त्याने उचलायचा. आम्हाला मात्र काकू स्वतः कप आणून हातात द्यायच्या. आणि रिकामे कप आम्हाला आत नेऊ द्यायच्या नाहीत. "राहू दे गं लीला, पाहुण्यांनी का कामं करायची?" असं म्हणत स्वतः उचलायच्या. घरी येताना आई बाबांना म्हणायची, "पाहा, केवढा मान देतात आपल्याला! बाकीच्यांना ट्रे, आपल्याला हातात." बाबा हो म्हणायचे.

एका रविवारी पाऊस होता म्हणून मावशीने आईला आणि मला तिच्या गाडीतून काकूंकडे सोडलं. काकूंनी तिलाही आत बोलावलं, कारण त्या तसलं काही मानत नव्हत्या. चहा झाला. मावशीने चहा संपवला, कप उचलला, सहज उलटा करून पाहिला आणि परत बशीत ठेवला. तोंडावर काही नाही. परतताना आई दुधासाठी दुकानात उतरली. मागच्या सीटवरून मला आरशात मावशीचे डोळे दिसले. ती अर्थातच इंग्रजीत बोलली, मी माझ्या भाषेत लिहिते. "शरयू, पुढच्या वेळी तुझ्या कपाखाली बघ. मग त्या बाईच्या कपाखाली बघ."

"का?"

"आधी बघ. मग विचार."

पण मी काय गप्प बसणार? पिच्छाच पुरवला, तेव्हा तिने गाडी बंद केली आणि सांगितलं. अलाबामात तिची आई एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाकाला होती. त्यांचं पीठ हिच्या आईने मळायचं, त्यांची पोरं हिच्या आईने न्हाऊ घालायची, त्यांच्या आजारी म्हातारीला हिच्या आईने चमच्याने भरवायचं. पण पाणी प्यायला तिच्यासाठी मागच्या पडवीत एक वेगळी बरणी. ताटली पत्र्याची, तीही वेगळी, सिंकच्या खाली. गावात तर नळांवर पाट्याच होत्या, गोऱ्यांचा कुठला आणि काळ्यांचा कुठला. पाट्या सरकारने काढल्या. बरणी कोण काढणार? मावशी म्हणाली, "माझी आई दुसऱ्याच्या घरी कप हातात आला की उलटा करून बघायची. मलाही तीच सवय लागली. त्या बाईने मला दिलेल्या कपाखाली नेलपॉलिशचा ठिपका आहे. लाल."

"तुम्ही काळ्या आहात म्हणून," मी म्हणाले. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. हसू येतं आता, मला तिच्यासाठी वाईट वाटलं!

"असेल," मावशी म्हणाली. "पण ती बाई मला आज पहिल्यांदा भेटली. आणि ठिपका जुना आहे, कडेने झिजलेला."

पुढच्या रविवारी मी पाहिलं. माझ्या कपाखाली ठिपका. आईने कप ठेवला तेव्हा मी तो सरकवायच्या निमित्ताने तिरका केला, ठिपका. बाबांच्या, ठिपका. काकूंचा आणि रोहिणीचा स्वच्छ पांढरा. मी पाणी प्यायच्या निमित्ताने किचनमध्ये गेले. धुतलेले कप निथळायच्या ड्रेनरवर सगळे एकत्र असायचे, आमचे तिथे कधीच नसत हे मला तोवर कळलंच नव्हतं. सिंकखालचं कपाट उघडलं. ब्लीचच्या बाटलीशेजारी, वेगळ्या स्पंजसकट, आमची जागा होती. मी कपाटाचं दार हळूच लावलं. आणि बाहेर आई शुद्ध मराठीत म्हणत होती, "वसुधाताई, का हो, चहात गवती चहा घातलात का?"

घरी आल्यावर मी मावशीला सांगितलं की मी आईला सगळं सांगणार आणि मग त्या बाईचे कप फोडणार. मावशी इस्त्री करत होती. "तुझ्या आईला इथे एकच मैत्रीण आहे," ती म्हणाली. "ती काढून घेणार आहेस, तर तिच्या बदल्यात काहीतरी मिळायला पाहिजे. कप फोडलेस तर तू जंगली ठरशील, 'तुम्ही लोक असेच' असं म्हणतील. रडलीस तर गैरसमज झाला म्हणतील." मग इस्त्री उभी ठेवून तिने आपल्या आईची गोष्ट पुरी केली. दर रविवारी चर्चनंतर त्या घरी पाहुणे यायचे आणि बर्फाच्या चहाचा मोठा जग भरायचा. तिची आई त्या जगात आपल्या बरणीतलं पाणी ओतायची. आधी त्यातूनच एक घोट स्वतः प्यायची, मग उरलेलं आत. पास्टरसाहेब प्यायले, बँकेचे साहेब प्यायले, सगळे म्हणायचे, असा चहा गावात कुठे मिळत नाही. कुणाला कधी कळलं नाही. "तेवढंच एक मला आवडत नाही," मावशी म्हणाली. "कळायला हवं होतं."

मी रात्रंदिवस त्याच विचारात. शाळेत, बसमध्ये, रेडवेवरून, त्या सायकलींच्या लाल वाटेवरून, सायकल हाणताना, एकच गोष्ट. कळायला हवं.

दिवाळीचा फराळ काकूंकडेच असायचा, दुपारी, सगळी मराठी घरं. मी सकाळीच गेले, रोहिणीला साडी नेसवायला. काका पाहुण्यांना आणायला स्टेशनवर, काकू वर आंघोळीला, रोहिणी केस वाळवत होती, ड्रायरचा घों घों आवाज खालपर्यंत येत होता. तिच्या ड्रेसिंग टेबलवरची लाल नेलपॉलिशची बाटली माझ्या मुठीत होती. ओट्यावर मोठ्या ट्रेमध्ये पांढरे कप मांडलेले, बाजूला छोट्या ट्रेमध्ये आमचे आणि मावशीचा. मी एकेक कप उलटा केला आणि ठिपका दिला. काकांचा मोठा मग, ठिपका. देवघरातली नैवेद्याची वाटी राहिली होती. तिलाही दिला, का सोडू? मग आमचे कप मोठ्या ट्रेमध्ये मिसळले आणि छोटा ट्रे जागच्या जागी उभा करून ठेवला. नेलपॉलिश सुकायला वेळ लागत नाही. ड्रायर बंद झाला तेव्हा मी वर साडीच्या निऱ्या घालत होते.

दुपारी घर भरलं. चकल्या, अनारसे, शेवेचे डबे, साड्यांची सळसळ, पोरांचा दंगा. आई नव्या साडीत, मावशी तिच्या शेजारी, हिरवा ड्रेस आणि मोत्यांची माळ. चहाची वेळ झाली तशी मी काकूंच्या मागून किचनमध्ये गेले. त्यांनी छोटा ट्रे शोधला, तर तो रिकामा. मग मोठ्या ट्रेमधला एक कप उलटा केला. दुसरा केला. तिसरा केला. मग भराभर, टकटक टकटक, एकामागून एक. मी फ्रिजला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काकू, चहा उतू जातोय." बाहेरून कुणीतरी ओरडलं, "वसुधा, चहा पुण्याहून येतोय का गं?" हशा झाला. काकूंना ओतावाच लागला. ट्रे मीच उचलला, आणि हॉलमध्ये प्रत्येकाच्या समोर धरला. आईला मी म्हणाले, "आज तूही ट्रेमधूनच घे."

काकू स्वतः घेईनात. "मला नको, ॲसिडिटी होते." मी शेवटचा कप त्यांच्या हातात नेऊन दिला, त्या आम्हाला द्यायच्या तसाच. "आज मी देते काकू. तुमचा मान." सगळे बघत होते, घ्यावाच लागला. तेवढ्यात डोरथीमावशीने आपला कप संपवला, उलटा धरला आणि खणखणीत आवाजात विचारलं की हा सुंदर लाल ठिपका कशासाठी असतो. झालं! एका बाईने आपला कप कलता करून पाहिला, "अगंबाई, मलाही आहे." दुसरी म्हणाली, "मलाही. नंबर घातलेत का वसुधा?" हसत हसत सगळ्यांनी कप वर धरून खालून पाहिले. आणि रोहिणी, जी कधी खोटं बोलायला शिकलीच नव्हती, कपाळाला आठ्या घालून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "पण मम्मी, रेड डॉटवाली कप तर शरयूच्या फॅमिलीचा असते ना? तू सेपरेट धुते ती. सगळ्यांना का दिला?"

मी मुद्दाम काकूंकडे पाहिलं नाही. मी बाकीच्यांकडे पाहिलं. मला तेच पाहायचं होतं. काही जणींनी कप तोंडाला लावून तो रिकामा केला आणि त्या काकूंकडे रोखून बघत राहिल्या. काहींना काय करावं सुचेना. आणि काहींनी हळूच, आवाज न करता, अर्धा भरलेला कप खाली ठेवला. एकीने तर पदराने ओठ पुसले. ज्यांनी कप ठेवले त्यांचे चेहरे मला आजही पाठ आहेत. त्यातल्या एका काकांनी पुढे कितीतरी वर्षं समतेवर भाषणं दिली, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघून हसायचे. त्यांचं भाषण दर वेळी आखूड होत गेलं.

आई उठली. तिचं काय होणार, हाच मला खरा प्रश्न होता. कप घेऊन किचनमध्ये गेली, नळाखाली धुतला, ड्रेनरवरच्या फडक्याने पुसला, बाहेर येऊन सगळ्यांसमोर टिश्यूत गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. काकू रडायला लागल्या होत्या. "लीला, अगं, सासूबाईंच्या वेळची सवय, मनात काही नव्हतं गं." आईने पर्सची चेन लावली. "माह्यासाठी वेगळा ठेवला होता ना, वसुधाताई? मंग तो माहाच झाला." नागपूरची बोली, एक अक्षर न बदलता. मग माझ्याकडे, बाबांकडे आणि मावशीकडे बघून म्हणाली, "चला."

गाडीत ती माझ्यावर मात्र भडकली. "मले आधी काहून नाही सांगितलं? माह्या कपाचं मलेच शेवटी कळावं का?" बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. त्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही. काकूंनी फोन केले, डबे पाठवले, आईने डबे धुऊन परत पाठवले. रविवारी दुपारी ती खिडकीत बसायची तेव्हा मला वाईट वाटायचं, पण केलेल्याचं कधी वाटलं नाही. मग मावशी तिला गाडी शिकवायला लागली, आणि त्या दोघी सगळे राउंडअबाउट पालथे घालत, एकमेकींवर ओरडत, रविवार घालवायला लागल्या. शुद्ध मराठीची प्रॅक्टिस आईने पुन्हा केली नाही.

डोरथीमावशी पुढे अलाबामाला परत गेली. आता ऐंशीच्या पुढे आहे, व्हिडिओ कॉलवर तिचं अर्धं कपाळच दिसतं. मागच्या महिन्यात सांगत होती, नातवाला पोलिसांनी थांबवलं, कारण गाडी चांगली होती आणि चालवणारा काळा. नातवाने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, जसं तिने शिकवलं होतं, जसं तिला तिच्या मुलाला शिकवावं लागलं होतं. तरी त्याला बाहेर ओढून रस्त्यावर पालथा पाडलाच. जिवंत घरी आला म्हणून त्यांनी केक केला. "अजून कप उलटा करूनच बघते मी," ती म्हणाली. मी म्हणाले, मीसुद्धा.

आई गेल्यावर तो कप माझ्याकडे आला. वसुधाकाकू नव्वदीला टेकल्या आहेत, इथल्याच एका केअर होममध्ये असतात. रोहिणी दूर बेसिंगस्टोकला, दर आठवड्याला येणं तिला जमत नाही. काकूंना न्हाऊमाखू घालते ती घानाची एक मुलगी, तिच्या हातून त्या घास घेतात, तिने जवळ धरलं की शांत होतात. मी दिवाळीला जाते. लोकांना वाटतं, शरयू किती मोठ्या मनाची. मी चकल्या नेते, थर्मासमध्ये गवती चहा घातलेला चहा नेते, आणि टिश्यूत गुंडाळून तो कप नेते. निळी किनार आता पुसट झाली आहे. ठिपका मी दर वर्षी नवा देते.

या दिवाळीलाही त्यांच्या हातात मीच कप दिला. काकूंनी दोन्ही हातांनी धरून हळूहळू चहा प्यायला. मग कप उलटा केला, ठिपक्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसतं कमी, पण तो त्यांना सापडतो.

"अजून राग गेला नाही का गं, शरयू?"

"नाही काकू," मी म्हणाले आणि कप सरळ केला. "अजून अर्धा घ्या."